अवयवदानाची इच्छा तडीस जावी म्हणून हयातीत काय करावे

माझ्या मामांचे अवयवदानाचे कार्ड आम्हाला त्यांचे तेरावे उरकल्यावर, विम्याची कागदपत्रे शोधताना, लोखंडी कपाटाच्या चोरकप्प्यात सापडले. कार्डावर त्यांची वळणदार सही होती, रक्तगट होता आणि सगळ्या अवयवांपुढे बरोबरची खूण होती. मामा पहाटे घरीच हृदयविकाराच्या झटक्याने गेले. असा मृत्यू झाल्यावर मूत्रपिंडे किंवा यकृत देता येत नाही, परंतु डोळे आणि त्वचा देता येते, आणि त्यासाठी सुमारे सहा तासांचा अवधी असतो. ते सहा तास आम्ही नातेवाइकांना फोन करण्यात, बर्फाच्या लाद्या मागवण्यात आणि नागपूरहून निघालेल्या धाकट्या मुलीची वाट पाहण्यात घालवले. मामींना कार्डाची कल्पना नव्हती असेही नाही. "ते दवाखान्यात गेलेल्यांसाठी असतं असं मला वाटलं," एवढेच त्या म्हणाल्या.

मरणोत्तर अवयवदान कायद्याने सक्तीचे करावे काय, अशी चर्चा निघाली की मला तो चोरकप्पा आठवतो. सक्तीच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा वरवर बिनतोड आहे: जे शरीर काही तासांत चितेवर किंवा मातीत जायचे, त्यातल्या अवयवांवाचून जिवंत माणसे मरत असतील, तर परवानगी तरी कोणाची मागायची? मला हा मुद्दा पटत नाही, आणि का पटत नाही ते पुढे ओघात येईलच. परंतु तो पटला तरी त्याने आज काही साधत नाही, कारण भारतात तसा कायदा नाही. तेव्हा ज्याला खरोखर दान करायचे आहे त्याने, आपली इच्छा कपाटात अडकून पडू नये म्हणून, हयातीत काय करून ठेवावे आणि घरच्यांना काय सांगून ठेवावे, एवढेच येथे मांडले आहे.

कायदा कोणाकडून काय मागतो

मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ साली संसदेत मंजूर झाला आणि ४ फेब्रुवारी १९९५ पासून ज्या मोजक्या राज्यांत तो सर्वप्रथम लागू झाला, त्यांत महाराष्ट्र आणि गोवा ही दोन्ही राज्ये होती. किडनीचा बाजार मांडणाऱ्या टोळ्यांना आळा घालणे हा त्यामागचा एक मोठा हेतू होता, आणि मेंदूमृत्यू, म्हणजे मेंदूचा देठ कायमचा मरणे, हा मृत्यूच होय हे भारतात याच कायद्याने मान्य केले. या कायद्यानुसार मरणोत्तर दान संमतीने होते. हयातीत लेखी संमती दिलेली असेल, तर मृतदेहाचा कायदेशीर ताबा ज्याच्याकडे आहे त्याने डॉक्टरांना वाट मोकळी करून द्यावी, असे कायदा म्हणतो. संमती दिलेली नसेल आणि विरोधही नोंदवलेला नसेल, तर जवळचे नातेवाईक संमती देऊ शकतात. कागदावर हे असे असले तरी प्रत्यक्षात, कार्ड असो वा नसो, रुग्णालये नातेवाइकांच्या सहीवाचून पुढे जात नाहीत. रडणाऱ्या पत्नीला बाजूला सारून तिच्या नवऱ्याचे कार्ड पुढे करील असा डॉक्टर मला भेटलेला नाही, आणि भेटू नये असेच वाटते.

२०११ च्या दुरुस्तीने मात्र एक गोष्ट खरोखरच बंधनकारक केली आहे आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. अतिदक्षता विभागातील रुग्णाचा मेंदूमृत्यू झाल्यास त्याने हयातीत संमती दिली होती काय याची चौकशी करणे, आणि दिली नसल्यास दानाचा पर्याय आहे, तसाच तो नाकारण्याचाही आहे, हे नातेवाइकांना सांगणे, हे तेथील डॉक्टरांचे काम ठरवून दिलेले आहे. म्हणजे आपल्याकडे देणे ऐच्छिक असले तरी विचारणे सक्तीचे आहे. रुग्णालयाचा प्रत्यारोपण समन्वयक येऊन विचारतो तेव्हा "यांचा डोळा आधीपासून आमच्या माणसावरच होता" असे कोणाला वाटू नये, म्हणून हे घरात आधीच सांगून ठेवावे. सक्तीच्या जवळ जाणारी आणखी एकच तरतूद कायद्यात आहे. रुग्णालयात किंवा तुरुंगात मृत्यू झाल्यावर ४८ तासांत जवळच्या नातेवाइकांपैकी कोणीही देह न्यायला आले नाही, तर त्या संस्थेचा प्रमुख दानाची परवानगी देऊ शकतो. पण कोणी नातेवाईक पुढे येईल असे वाटण्याजोगे कारण असेल तर तेथेही ती देता येत नाही.

परदेशांचे दाखले दोन्ही बाजूंनी दिले जातात, आणि ते नीट पाहिले तर सक्तीच्या बाजूचे फारसे काही उरत नाही. स्पेनमध्ये १९७९ पासून "नकार नोंदवला नसेल तर होकार" असा कायदा आहे, तरीही तेथे घरच्यांना विचारल्यावाचून अवयव काढत नाहीत. तेथे दाते वाढले ते कायद्यानंतर दहा वर्षांनी, १९८९ साली राष्ट्रीय प्रत्यारोपण संघटना उभी राहिल्यावर आणि अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांवरच समन्वयाचे काम सोपवल्यावर. आज तेथे दहा लाख लोकांमागे वर्षाला चाळीसहून अधिक मरणोत्तर दाते असतात. भारतात एकसुद्धा भरत नाही. वेल्सने २०१५ साली आणि इंग्लंडने २०२० साली संमती गृहीत धरणारे कायदे अंमलात आणले, पण कुटुंबाशी बोलणे तेथेही सुटलेले नाही. सिंगापूरने १९८७ पासून नकार नोंदवण्याची सोय ठेवली आहे. मात्र नकार देणाऱ्याला स्वतःला अवयव लागला तर त्याचा नंबर मागे जातो. ब्राझीलने १९९७ साली असाच कायदा केला, तेव्हा असंख्य लोकांनी ओळखपत्रावर आपण दाता नसल्याची नोंद करून घेतली, आणि दुसऱ्याच वर्षी सरकारला तो कायदा मागे घ्यावा लागला.

आपल्याकडे ब्राझीलचीच गत होईल असे माझे मत आहे. ऑपरेशनला नेले आणि किडनी काढून घेतली, ही गोष्ट ज्या देशात बसस्टँडवरच्या अनोळखी माणसालाही खरी वाटते, तेथे सक्तीचा कायदा आला तर लोक आपला रुग्ण मोठ्या रुग्णालयात न्यायलाच कचरतील, किंवा डॉक्टरांनी मेंदूचा शब्द उच्चारताच त्याला रुग्णवाहिकेत घालून गावी घेऊन जातील. त्यापेक्षा ज्यांची इच्छा आहे त्यांच्या इच्छा वाया जाऊ न देणे अधिक हिताचे आहे.

आधी कोणते दान ते ठरवा

"आम्ही देहदान केले आहे" असे सांगणाऱ्या पुष्कळांच्या मनात देहदान, अवयवदान आणि नेत्रदान यांचा एकच गोळा झालेला असतो. देहदान म्हणजे संपूर्ण शरीर वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाला विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी देणे. नेत्रदान आणि त्वचादान हे ऊतींचे दान आहे; मृत्यू घरी होवो वा रुग्णालयात, हृदय बंद पडल्यावरही काही तास ते करता येते. हृदय, फुफ्फुसे, यकृत, मूत्रपिंडे, स्वादुपिंड आणि लहान आतडे यांचे दान मात्र शरीरात रक्ताभिसरण चालू असतानाच करावे लागते, म्हणून बहुतेक वेळा ते अतिदक्षता विभागात, व्हेंटिलेटरवर, मेंदूमृत्यू झालेल्या व्यक्तीकडूनच होते. एका दात्यामुळे आठ जणांचे प्राण वाचू शकतात असे म्हणतात ते या दानाबद्दल. असे मृत्यू एकूण मृत्यूंच्या मानाने फारच थोडे असतात, आणि म्हणून त्यांतला एकेक होकार मोलाचा ठरतो.

यातून एक व्यावहारिक अडचण निघते. अवयव काढल्यानंतर किंवा शवविच्छेदन झाल्यानंतर तो देह महाविद्यालये सहसा देहदानासाठी स्वीकारत नाहीत. फक्त नेत्रदान झाले असेल तर स्वीकारतात. त्यामुळे तिन्ही अर्ज भरायला हरकत नाही, पण घरच्यांना क्रम सांगून ठेवावा: शक्य असल्यास अवयव, ते शक्य नसल्यास डोळे आणि त्वचा, व त्यानंतर महाविद्यालय घेत असल्यास देह. माझ्या कार्डाच्या पाठीमागे मी हा क्रम दोन ओळींत पेनाने लिहून ठेवला आहे.

"मला मधुमेह आहे, माझे काय घेणार?" हा प्रश्न अर्जापाशीच पुष्कळांना अडवतो. मधुमेह, रक्तदाब किंवा वय एवढ्यावरून दान नाकारले जात नाही. चष्मा किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नेत्रदानाच्या आड येत नाही. कोणता अवयव घेण्याजोगा आहे हे त्या वेळी तपासण्या करून डॉक्टर ठरवतात, तेव्हा आपणच आपल्याला आधी बाद करू नये.

अर्ज कसा भरावा

२०१४ च्या नियमांतील नमुना ७ हा हयातीत संकल्प नोंदवण्याचा अर्ज आहे. वय अठरा पूर्ण असले म्हणजे झाले. राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संघटनेच्या, म्हणजे नोटोच्या, संकेतस्थळावर आधार क्रमांकाच्या साह्याने तो भरता येतो. आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, म्हणून तो फोन जवळ घेऊनच बसावे. ज्यांना कागदच बरा वाटतो त्यांना मुंबईतील केईएम रुग्णालयातील विभागीय व राज्य केंद्राकडून, किंवा मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रांकडून अर्ज मिळू शकतो. १८०० ११ ४७७० हा नोटोचा निःशुल्क क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. संकल्प नोंदवायला एक रुपयाही लागत नाही. कार्डासाठी कोणी पैसे मागितले तर तेथून उठावे.

अर्जात अवयवांची यादी असते आणि त्यापुढे खुणा करायच्या असतात. सगळेच द्यायला हवे असे नाही. दोन साक्षीदार लागतात आणि त्यांतला किमान एक जवळचा नातेवाईक असावा लागतो: पती किंवा पत्नी, आई-वडील, मुले, भावंडे, आजी-आजोबा अथवा नातवंडे. अर्जाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक टीप आहे, आणि माझ्या मते सगळ्या अर्जात तीच सर्वांत महत्त्वाची आहे; अवयवदान हा कुटुंबाचा निर्णय असल्याने आपल्या माणसांशी बोलून ठेवावे, अशा आशयाची ती आहे. संकल्प केव्हाही मागे घेता येतो, हेही तेथेच लिहिलेले आहे.

साक्षीदार निवडताना लोक सोपा माणूस शोधतात: शेजारी, कार्यालयातला मित्र, "आण इकडे, करतो सही" म्हणणारा मेहुणा. माझा सल्ला याच्या नेमका उलट आहे. घरात ज्याचा विरोध होईल असे वाटते, त्यालाच साक्षीदार करावे. त्याची सही मिळवायला जे बोलावे लागते, ते बोलणे हेच खरे काम आहे.

माझ्या बाबतीत ती व्यक्ती माझी आई होती. पहिल्या रविवारी ती मटार सोलत बसली होती. मी अर्ज पुढे ठेवला तेव्हा तिने शेंगांचे ताट त्यावरच सरकवले आणि "माझ्या आधी जायच्या गोष्टी माझ्यासमोर नकोत" म्हणाली. दुसऱ्या रविवारी तिने विचारले, "डोळे काढलेला चेहरा तुझ्या मुलांना कसा बघवेल?" मग मला नेत्रपेढीत विचारून यावे लागले. बुबुळ किंवा नेत्रगोल काढल्यानंतर पापण्या नीट मिटवतात आणि चेहऱ्यात फरक दिसत नाही. त्वचेचा पातळ थर मांड्यांवरून आणि पाठीवरून घेतात व वर पट्टी बांधतात. अवयव काढल्यावर पोट आणि छाती कोणत्याही शस्त्रक्रियेनंतर शिवतात तशीच शिवून देतात. हे सगळे तिने ऐकून घेतले. तिसऱ्या रविवारी तिने चष्मा लावून अर्ज सगळा वाचला, सही केली, आणि डोळ्यांपुढची चौकट मी रिकामी सोडली होती ती तिनेच बोटाने दाखवली.

घरी काय बोलावे

रुग्णालयांच्या भिंतींवर "मरावे परी अवयवरूपी उरावे" असे लिहिलेले असते. ओळ चांगली आहे, पण पहाटे पाच वाजता अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकड्यावर बसलेल्या बायकोला तिचा उपयोग होत नाही. तिला हवे असते ते आपल्या माणसाचे स्वच्छ वाक्य. "माझे काही बरेवाईट झाले तर बघा" असे मोघम बोलू नये. मी घरी जे म्हटले ते असे: "माझा मेंदू मेलाय असं डॉक्टरांनी दोनदा तपासून सांगितलं, तर तुम्ही हो म्हणा. तो निर्णय तुमच्यावर नाही, मी घेऊन ठेवलाय. तुम्ही फक्त माझा निरोप द्यायचा." या शेवटच्या वाक्याने घरच्यांच्या मनावरचे ओझे उतरते, कारण नकार देणाऱ्या पुष्कळांना दान नको असते म्हणून ते नकार देत नाहीत, "आपण त्यांच्या वतीने कसे ठरवायचे" या भीतीने देतात.

निर्णय कोण घेणार हे प्रामाणिकपणे ओळखावे. कायद्याने पत्नीचा अधिकार असला तरी आपल्याकडे अशा वेळी गावाहून थोरले काका येतात, बाकड्याच्या मध्यभागी बसतात आणि सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहतात. काकांना हे पहिल्यांदाच त्या बाकड्यावर कळले, तर ते नाही म्हणणार, आणि त्यात त्यांची चूक नाही. तेव्हा काकांना गणपतीत भेटाल तेव्हाच सांगून ठेवावे. कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटावर कार्डाचा फोटोही टाकावा. त्यावर हात जोडलेल्या चार खुणा येतील आणि विषय संपेल, पण दोन वर्षांनी तो फोटो शोधता येईल.

धर्माचा मुद्दा निघाल्यास वाद घालू नये, पण उत्तर तयार ठेवावे. या जन्मी डोळे दिले तर पुढच्या जन्मी आंधळेपण येते असे म्हणणाऱ्यांना मी एवढेच विचारतो, की सगळा देहच अग्नीला दिला म्हणून पुढच्या जन्मी बिनदेहाचे यावे लागते काय? दधीची ऋषींनी आपल्या अस्थी वज्रासाठी दिल्याची कथा तर आपल्या आज्याच सांगत आल्या. आणि एक गोष्ट मला नेहमी चटका लावते. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना, की आपण घाटावर उभे राहून अंदाजाने वचने देऊ लागतो: मुलीचे लग्न वेळेवर करू, धाकट्याला सांभाळू, शेत विकणार नाही. गेलेल्याच्या मनात काय राहिले हे जाणून घेण्याची एवढी तळमळ ज्यांना असते, त्यांनी तोच प्रश्न आधी, जेवणाच्या ताटावर, का विचारू नये?

अतिदक्षता विभागाच्या दाराशी

हा भाग घरच्यांनी वाचावा असा आहे. रस्त्यावरील अपघातात डोक्याला झालेली इजा आणि मेंदूतील रक्तस्राव ही मेंदूमृत्यूची नेहमीची कारणे आहेत, म्हणजे सकाळी धडधाकट घराबाहेर पडलेला माणूसच बहुधा समोर असतो. त्याचे अंग गरम असते, छाती लयीत वरखाली होत असते, मॉनिटरवर हृदयाची रेघ धावत असते आणि लघवीची पिशवीही भरत असते. अशा माणसाला मृत म्हणायला मन धजत नाही, आणि "कोमातून लोक उठतात ना?" हा प्रश्न येतोच. कोमात मेंदूचा देठ जिवंत असतो. रुग्ण पुष्कळदा स्वतःचा श्वास घेतो आणि कधीकधी शुद्धीवरही येतो. मेंदूमृत्यूत श्वासाचे केंद्र असलेला हा देठच कायमचा मेलेला असतो; छाती यंत्राने हलते, आणि हृदय स्वतःच्या लयीवर आणखी थोडा काळ चालते, एवढेच.

हे ठरवायला चार डॉक्टरांचे मंडळ लागते: रुग्णालयाचे प्रमुख, सरकारमान्य यादीतील एक स्वतंत्र तज्ज्ञ, मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मेंदूशल्यचिकित्सक अथवा तो नसल्यास नियमांत सांगितलेला पर्यायी डॉक्टर, आणि उपचार करणारे डॉक्टर. प्रत्यारोपण करणाऱ्या चमूतील कोणीही या मंडळात नसतो. तपासण्या दोनदा, किमान सहा तासांच्या अंतराने होतात. बाहुल्यांवर प्रकाश टाकून त्या आकसतात का ते पाहतात, बुबुळाला कापसाचे टोक लावून पापणी लवते का ते पाहतात, कानात थंड पाणी सोडून डोळे हलतात का ते पाहतात, घशातली नळी हलवून खोकला येतो का ते पाहतात. शेवटची तपासणी श्वासाची असते: प्राणवायू चालू ठेवून व्हेंटिलेटर काही मिनिटे वेगळा करतात, रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढू देतात, आणि एवढ्या वाढीनंतरही छाती एकदाही उचलली गेली नाही, तर स्वतःचा श्वास उरलेला नाही हे सिद्ध होते. घरच्यांनी या तपासण्या समजावून मागाव्यात. विचारण्यात संकोच नसावा. चांगले डॉक्टर दोनदा सांगतात.

त्यानंतर नातेवाइकांची संमती नमुना ८ वर घेतात. मृत व्यक्ती अठरा वर्षांखालील असेल तर आई किंवा वडील याच नमुन्यावर सही करतात. येथेही कोणते अवयव द्यायचे ते निवडता येते, आणि नाही म्हणण्याचाही पूर्ण अधिकार असतो. होकार दिला, तर समन्वय केंद्र प्रतीक्षायादीनुसार वाटप करते; अवयव कोणाला द्यायचा हे दात्याचे घर सांगू शकत नाही आणि देणारे व घेणारे यांची नावे एकमेकांना कळवली जात नाहीत. काढलेले हृदय चार ते सहा तासांत दुसऱ्या शरीरात धडधडू लागावे लागते, तर मूत्रपिंड साधारण चोवीस तासांपर्यंत टिकू शकते. वाहतूक थांबवून ग्रीन कॉरिडॉर केले जातात ते याचसाठी. सहीपासून देह हाती येईपर्यंत साधारण एक दिवस धरून चालावे, आणि अंत्ययात्रेची वेळ सगळ्यांना कळवण्याची घाई करू नये. आमच्या ओळखीच्या एका घरी सकाळी नऊची वेळ जाहीर करून टाकली आणि माणसे दुपारी चारपर्यंत दारात ताटकळली. दान झाले, पण बोलणी घरच्यांना खावी लागली.

दात्याची देखभाल, अवयव काढण्याची शस्त्रक्रिया आणि अवयवांची वाहतूक यांचा खर्च दात्याच्या घरच्यांवर टाकता येत नाही, असे नियम सांगतात. त्याआधीच्या उपचारांचे बिल वेगळे असते. दोन्ही हिशेब वेगळे मागून घ्यावेत. दानाबद्दल पैसे देणे किंवा घेणे हा गुन्हा असून त्याला पाच ते दहा वर्षांची कैद आणि किमान वीस लाखांचा दंड आहे. तेव्हा "त्या लोकांकडून काही मिळवून देतो" असे कानाशी लागणारा कोणी भेटला, तर त्याच्यापासून लांब राहावे.

अपघाताची केस असेल तर पोलीस आणि शवविच्छेदन आलेच. त्यामुळे दान अडत नाही. पोलिसांना कळवून परवानगी घेतात, पंचनामा होतो, आणि मृत्यूच्या कारणाच्या तपासात बाधा येऊ नये म्हणून शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना अवयव काढतानाच उपस्थित राहता येते. घरातील एका माणसाने पोलिसांची बाजू सांभाळावी आणि दुसऱ्याने समन्वयकाची. दोन्ही कामे एकावरच पडली की तो कोलमडतो.

मृत्यू घरी झाला तर

खोलीतला पंखा आधी बंद करावा. पापण्या मिटवून त्यांवर स्वच्छ पाण्यात भिजवलेला कापूस ठेवावा आणि डोक्याखाली उशी देऊन ते थोडे उंच करावे. नेत्रपेढीला लगेच फोन करावा; हयातीत अर्ज भरलेला नसला तरी घरच्यांच्या संमतीने नेत्रदान होते. डॉक्टरांकडून मृत्यूचा दाखला घेऊन ठेवावा. नेत्रपेढीची माणसे घरी येतात, रक्ताचा नमुना घेतात आणि अर्ध्या तासाच्या आत त्यांचे काम होते. देह कोठे न्यावा लागत नाही. त्वचादानासाठी त्वचापेढी जवळपास असावी लागते. मुंबईत ती सायनच्या रुग्णालयात आहे, इतर शहरांतली कोणती आपल्या गावापर्यंत येते हे आधीच विचारून ठेवावे.

मामी या विषयावर त्यानंतर फारसे बोलल्या नाहीत. पण त्यांच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाच्या वर, गॅस एजन्सीच्या क्रमांकाखाली आता नेत्रपेढीचा क्रमांक लाल पेनाने लिहिलेला असतो. गेल्या जानेवारीत मी गेलो तेव्हा नवे कॅलेंडर लावून झाले होते आणि जुने त्यांनी अजून रद्दीत टाकलेले नव्हते. चष्मा डोळ्यांवर चढवून त्या जुन्या पानावरचा तो क्रमांक एकेक आकडा मोठ्याने म्हणत नव्या पानावर उतरवत होत्या.